पुढचा डिरेलर लावताना

पावसाळा संपत आला की माझ्या वर्कशॉपमध्ये रोड बाइक्सची रांग लागते आणि बहुतेकांचं गाऱ्हाणं एकच असतं, "काका, पुढचा गिअर पडत नाही." कोणाची चेन मोठ्या रिंगवर चढत नाही, कोणाची उतरते ती छोटी रिंग सोडून थेट फ्रेमवर, तर कोणाची केजला घासत दिवसभर खरखरत असते. मागच्या डिरेलरची तक्रार त्या मानानं कमी. मागे अकरा चकत्या, पुढे दोनच रिंगा, तरी त्रास द्यायचा तो पुढच्यानंच. नवख्या माणसाला हे उलटं वाटतं. मला नाही वाटत, कारण या दोन डिरेलरांना दिलेलं काम सारखं नाहीच.

पेडलवर पाय पडला की चेनचा वरचा पदर ताणला जातो. मागचं चाक ओढायचं काम तोच करतो. खालचा पदर सैल असतो, परतीच्या वाटेवरचा, आणि त्याला सांभाळायला मागच्या डिरेलरच्या दोन पुली असतात. मागचा डिरेलर या सैल पदराला हात घालतो. पुढच्याच्या वाट्याला वरचा पदर आला आहे, पायाचा सगळा जोर वाहणारा. भरलेली घागर वर येत असताना रहाटावरची दोरी कुणी बाजूला सरकवायला जावं, तसं हे काम. आणि त्यासाठी त्याच्याजवळ असतात दोन पातळ पट्ट्यांची केज, एक स्प्रिंग आणि सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाडीची एक तार. शिवाय मागे एका चकतीवरून दुसरीवर जाताना एक, दोन, फार तर चार दात्यांचा फरक असतो. पुढे 34 वरून 50 वर जायचं म्हणजे एका दमात सोळा दात्यांची पायरी.

पुढच्या डिरेलरची सगळी मापं या एका गोष्टीतून निघतात. आणि म्हणूनच हा भाग नुसता स्टँडवर लावून होत नाही असं माझं ठाम मत आहे. अर्धं काम पान्याचं, अर्धं चालवणाऱ्याच्या पायाचं. दुकानदार पहिलं अर्धं करून सायकल हातात देतात आणि दुसऱ्या अर्ध्याबद्दल कोणी कोणाला सांगत नाही.

मी मूळचा फिटर. आयटीआय केलं, भोसरीत टूलरूममध्ये नोकरी केली, आणि सायकलच्या वेडापायी कोथरूडच्या बाजूला हे छोटं वर्कशॉप टाकलं. पूर्वी इथे येणाऱ्या सायकली साध्या असायच्या. मग 2015 मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या गटात 'रेस अक्रॉस अमेरिका' पुरी केली, 2017 मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्यानं पुरी केली, आणि त्या सुमारास माझ्याकडे ड्रॉप हँडलच्या सायकली वाढत गेल्या. पुण्याहून गोव्याला जाणाऱ्या डेक्कन क्लिफहँगरची तयारी करणारे, बीआरएम म्हणजे ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड करणारे, बँकेतले, दवाखान्यातले, आयटीतले, आणि अलीकडे बऱ्याच मुली. सगळ्यांच्या सायकलींना पुढे दोन रिंगा आणि त्यावर हा नाजूक प्राणी.

टूलरूमनं मला एक सवय लावली. माप घेतल्याशिवाय स्क्रूला हात लावायचा नाही. पुढच्या डिरेलरच्या बाबतीत ही सवय फार उपयोगी पडली, कारण बहुतेक लोक सुरुवात करतात ती नेमकी स्क्रूपासून. डिरेलरच्या डोक्यावर दोन छोटे स्क्रू दिसतात, ते सहज फिरतात, मग माणूस त्यांनाच फिरवत बसतो. थोडा हा, थोडा तो. तासाभरानं चेन आधी जेवढी चढत होती तेवढीही चढत नाही. स्क्रूंचं काम फक्त केजनं कुठे थांबायचं एवढं सांगणं. केज मुळात वेड्यावाकड्या जागी बसली असेल तर ती कुठेही थांबवली तरी वाकडीच थांबणार.

म्हणून पहिली गोष्ट, उंची. केज बाहेर ओढून तिची बाहेरची पट्टी मोठ्या रिंगच्या दात्यांच्या बरोबर वर आणायची आणि मधली फट बघायची. ती 1 ते 3 मिलिमीटर असावी. मी फीलर गेजची पानं जोडून 2 मिलिमीटर करतो आणि ते मध्ये सरकवून बघतो. पान जरा अडून सरकलं की मला बरं वाटतं. फट याहून जास्त झाली तर केज चेनला लांबून ढकलते, ढकलण्यात जोर राहत नाही, चेन चढायला वेळ घेते. कमी झाली तर गिअर बदलताना पट्टीची कड दात्यांना लागते. रिंग सगळीकडे सारखी उंच नसते, हेही पाहावं लागतं. तिच्या दात्यांत मुद्दाम कमीजास्तपणा ठेवलेला असतो. क्रँक पूर्ण फिरवायची आणि सगळ्यांत उंच दात्यापाशी माप घ्यायचं.

दुसरी गोष्ट, कोन. वरून सरळ खाली पाहिलं तर केजची बाहेरची पट्टी आणि रिंग समांतर दिसायला हव्यात. एक डोळा मिटून, मान सीट ट्यूबच्या बरोबर वर आणून पाहायचं. तिरकं उभं राहून पाहिलं की डोळा फसवतो. शिमानोच्या 105 च्या आर7000 मालिकेत यात एक बारकावा आहे. डिरेलर बसवताना केजचं मागचं टोक किंचित, अर्धा ते एक मिलिमीटर आत ठेवायचं, बोल्ट आवळायचा, आणि मग सपोर्ट बोल्ट नावाचा एक छोटा स्क्रू फिरवायचा. तो स्क्रू फ्रेमला टेकतो आणि डिरेलरला हळूच बाहेर वळवून समांतर आणतो. तो टेकलेला राहिला की तारेच्या ओढीनं डिरेलरचं अंग पिळवटत नाही, सगळा जोर केजपर्यंत पोचतो. फ्रेम कार्बनची असेल तर स्क्रू टेकतो त्या जागी धातूची एक चिमुकली चिकटपट्टी लावायची असते. डिरेलरच्या डब्यात ती मिळते. अनेक सायकलींत ती लावलेलीच नसते आणि स्क्रूनं रंगात खळगा पाडलेला असतो. कोणी एवढीशी पट्टी टाकून देतं याचा मला खरोखर राग येतो.

उंची आणि कोन जमला की बोल्ट टॉर्क रेंचनं आवळायचा, बहुतेक ठिकाणी 5 ते 7 न्यूटन मीटर. आवळताना डिरेलर थोडा फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा एकदा वरून बघायचं. या दोन गोष्टींना मी निवांत वेळ देतो. पुढचं सगळं भराभर होतं.

आतला लिमिट स्क्रू लावताना केबल सुटी असावी, नाहीतर स्क्रू अडवतोय की तार अडवतेय ते कळत नाही. चेन पुढे छोट्या रिंगवर आणि मागे सगळ्यांत मोठ्या चकतीवर घ्यायची. केजची आतली पट्टी आणि चेन यांच्यात अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून कमी फट. लागू नये, पण अंतरही राहू नये. मग केबल. तार हातानं ताणून धरायची, बोल्टखाली नेमक्या खाचेत घालायची आणि आवळायची. जुन्या लांब हाताच्या डिरेलरमध्ये, म्हणजे आर7000 च्या आधीच्या 5800 मध्ये, तार बोल्टच्या कोणत्या अंगानं न्यायची याला महत्त्व आहे. फ्रेममधून तार कोणत्या कोनातून येते त्यावर ते ठरतं आणि अंग चुकलं तर तरफेचा हिशेबच बदलतो. गिअर जड होतो आणि कितीही ताण दिला तरी सुधारत नाही. आर7000 मध्ये ही भानगड काढून टाकली. तिथं ताण जुळवायला डिरेलरवरच एक स्क्रू आहे आणि दोन बारीक रेघा कोरलेल्या आहेत. ताण जुळला की त्या समोरासमोर येतात. शिमानोनं केलेल्या सुधारणांपैकी ही मला फार आवडते, कारण घरी काम करणाऱ्यालाही ती स्पष्ट दिसते.

शेवटी बाहेरचा स्क्रू. चेन पुढे मोठ्या रिंगवर, मागे सगळ्यांत छोट्या चकतीवर, आणि पुन्हा तीच अर्ध्या मिलिमीटरच्या आतली फट, या वेळी बाहेरच्या पट्टीशी. हा स्क्रू फार आवळला तर चेन चढत नाही आणि माणूस लिव्हरवर जोर काढतो. फार सैल सोडला तर चेन रिंगवरून पलीकडे जाऊन क्रँकवर पडते. चढावर उभं राहून पेडल मारताना तसं झालं तर पायाखालचा आधारच जातो. या स्क्रूला पाव फेरा पुरतो.

एवढं झालं की स्टँडवर गिअर छान पडतात आणि फोनवर मालकाला कळवायचा मोह होतो. पण त्याआधी मी सायकल उलटी वाकवून बीबीच्या, म्हणजे क्रँकच्या बेअरिंगच्या, खाली बघतो.

तिथं एक प्लास्टिकची छोटी पट्टी असते. दोन्ही डिरेलरांच्या तारा डाउन ट्यूबवरून खाली येऊन या पट्टीच्या खाचांतून वळतात आणि पुढे जातात. सायकलीचा हा सगळ्यांत खालचा भाग, पुढच्या चाकानं उडवलेला सगळा चिखल झेलणारा. वरून बाटलीतलं एनर्जी ड्रिंक थेंबथेंब गळत डाउन ट्यूबवरून इथंच येतं. मागे ताम्हिणी घाटात भिजून आलेली एक सायकल मी उघडली. स्क्रू काढून पट्टी उचलली तर खाचेत लाल मातीचा घट्ट गिलावा बसलेला, त्यावर इलेक्ट्रोलाइटच्या साखरेचा नि मिठाचा पांढुरका थर, आणि या सगळ्यातून तार जाऊन जाऊन तिनं प्लास्टिकमध्ये स्वतःसाठी खोल चर पाडलेला. तारेच्या त्या भागावर नख फिरवलं तर दोन बारीक तंतू तुटून वर आलेले हाताला लागले. डिरेलरमध्ये काहीही दोष नव्हता. मालक एक हाडांचे डॉक्टर. त्यांना बोलावून दाखवलं. म्हणाले, "म्हणजे दुखणं गुडघ्यात आणि कारण मणक्यात." मी म्हटलं, "डॉक्टर, तुमचं तुम्ही जाणा, पण इथं तरी तसंच आहे." पट्टी बदलली, तार बदलली, आणि तोच डिरेलर नव्यासारखा चालू लागला.

तेव्हापासून असं नाही, पण गेली बरीच वर्षं मी पुढच्या डिरेलरच्या तक्रारीत आधी तार, तिचं आवरण आणि ही पट्टी तपासतो. छोट्या रिंगवर चेन उतरताना काम स्प्रिंगचं असतं, तार सुटते आणि स्प्रिंग केजला आत ओढते. तारेला कुठे घर्षण असेल तर स्प्रिंगला ते मागे सारता येत नाही आणि केज आळसावल्यासारखी अर्ध्यात थांबते. मोठ्या रिंगवर चढताना मात्र माणसाची बोटं जोर लावून घर्षणावर मात करतात, म्हणून दोष लपून राहतो. उतरणं मंद आणि चढणं ठीक असेल तर निम्म्याहून अधिक वेळा कारण तारेत सापडतं.

आवरणाचीही एक गोष्ट आहे. ब्रेकच्या केबलचं आवरण गुंडाळलेल्या चपट्या तारेचं असतं, ते दाबलं की थोडं आखडतं. गिअरच्या आवरणात तारा लांबीच्या दिशेनं सरळ बसवलेल्या असतात, म्हणून ते आखडत नाही. एकदा एक सायकल आली, गिअर रोज बिघडायचा, मालकानं तीन ठिकाणी दाखवून झालेलं. कोणीतरी गिअरच्या तारेला ब्रेकचं आवरण लावून दिलं होतं. बोटानं लिव्हर दाबली की अर्धी ओढ आवरण आखडण्यात संपायची. ते बदलून दिल्यावर पोरगा एवढा खूश झाला की संध्याकाळी आईला सायकल दाखवायला घेऊन आला. नवीन तार टाकल्यावर पहिल्या काही दिवसांत गिअर थोडा बिघडतो, तेव्हा लोक म्हणतात तार लांबली. खरं तर तार फारशी लांबत नाही. आवरणाची टोकं आपापल्या टोप्यांत घट्ट बसतात आणि तेवढी ढील पडते. म्हणून नवी तार टाकली की मी आवरणाच्या टोकांवर ताण देऊन घेतो, तार पुन्हा ओढून बांधतो, आणि तरी गिऱ्हाइकाला आठवड्यानं एकदा यायला सांगतो. बीआरएमच्या आदल्या दिवशी मी तार बदलत नाही. कितीही ओळखीचा असो. 200 किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, 600 ला चाळीस. रात्री दोन वाजता कुठल्या तरी धाब्यासमोर ढिली पडलेली तार ओढत बसायची पाळी कोणावर येऊ नये.

घासण्याचा आवाज हा आणखी एक विषय, आणि त्यासाठी कान लावावा लागतो. क्रँकच्या एका फेऱ्यात एकदाच, ठरावीक जागी घासत असेल तर डिरेलरला हात लावू नका. रिंग वाकलेली आहे किंवा बीबीत खेळ आला आहे. क्रँक दोन्ही हातांनी धरून फ्रेमच्या दिशेनं हलवली की खेळ हाताला कळतो. सतत घासत असेल तर जागा, कोन किंवा ताण चुकला आहे. आणि चढावर उभं राहूनच घासत असेल तर फ्रेम आणि क्रँक जोरानं झुकतात म्हणून. तिथं थोडं सोसायचं असतं. फट वाढवून तो आवाज घालवता येतो, पण मग चेन पडायला जागा होते. सतत घासत ठेवलेली केज मी पाहिली आहे. आतली पट्टी घासून घासून सुरीच्या पात्यासारखी पातळ झालेली, चेनच्या कड्यांचा ठसा तिच्यावर उमटलेला. अशी केज सरळ होत नाही, बदलावीच लागते.

बहुतेक वेळा तो आवाज घालवण्याचा उपाय मालकाच्या हातातच असतो आणि त्याला तो माहीत नसतो. शिमानोच्या डाव्या लिव्हरला दोनच टप्पे आहेत असं लोक समजतात. खरं तर चार आहेत. मोठ्या रिंगवर असताना चेन मागे मोठ्या चकत्यांकडे नेली की ती तिरपी होते आणि केजच्या आतल्या पट्टीला टेकते. अशा वेळी सोडायची लिव्हर अर्धी, अगदी हलकी दाबली की केज तेवढ्यापुरती आत सरकते, चेन मोठ्या रिंगवरच राहते. छोट्या रिंगवरही असाच अर्धा टप्पा आहे. याला ट्रिम म्हणतात. मी दुकानातच सायकल स्टँडवर चढवून मालकाचं बोट लिव्हरवर ठेवतो आणि म्हणतो, आता नुसती टिचकी द्या. आवाज बंद झाला की चेहऱ्यावर जो उजेड पडतो तो बघायला मला कधीच कंटाळा येत नाही.

आता पायाचं अर्धं काम. एक मुलगी माझ्याकडे यायची, बोपदेव घाट चढायची तयारी करत होती. म्हणाली, "काका, स्टँडवर तर पडतो, चढावर पडतच नाही. आणि जोर केला की चेन खाली पडते." मी सायकल तपासली, सगळं जागेवर होतं. म्हटलं, "चल, दाखव." पौड रस्ता चांदणी चौकाकडे चढायला लागतो तिथे आम्ही सकाळी लवकर गेलो. ती मोठ्या रिंगवर चढाला भिडली, पाय जड झाला, अगदी थांबायची वेळ आली तेव्हा तिनं पुढचा गिअर टाकला. पूर्ण वजन पेडलवर, चेन तारेसारखी ताठ. केज बिचारी ढकलतेय आणि चेन जागची हलत नाही, मग एकदम सुटून फ्रेमवर.

मी तिला दोनच गोष्टी सांगितल्या. एक, गिअर पायासाठी आहे, पाय थकल्यावर नाही. चढ समोर दिसला की टाक. दोन, लिव्हर दाबताना अर्ध्या फेऱ्यापुरतं पेडल फिरव पण रेटू नकोस. पाय फिरत राहिला पाहिजे, दाब मात्र काढून घे. चेन सरकली की पुन्हा जोर. मोठ्या रिंगच्या आतल्या बाजूला छोट्या पिना आणि चढणी कोरलेल्या असतात, त्या चेनला उचलून वर घेतात, आणि त्या ठराविक जागी असतात. पाय हलका असेल तर चेन त्यांच्यापाशी आली की अलगद चढते. म्हणून लिव्हर दाबून लगेच सोडायची नाही. चेन वर बसेपर्यंत धरून ठेवायची. रिंग क्रँकवर कशीही बसवलेली चालत नाही तेही याचसाठी. मोठ्या रिंगला बाहेरून एक ठळक पिन असते ती क्रँकच्या हाताच्या मागे यायला हवी. चेन बाहेर पडली तर ती फटीत अडकू नये म्हणून ती आहे, आणि ती जागेवर असली की आतल्या चढणीही आपोआप जागेवर येतात.

मग घाटाच्या पायथ्याचा हिशेब. 50 वरून 34 वर आलं की गिअर एकतृतीयांशानं हलका होतो. पाय एकदम मोकळा गरगरतो, सायकलचा वेग मरतो. मागे 21 च्या चकतीवर असाल तर गुणोत्तर 2.38 वरून 1.62 वर उतरतं. तेव्हा पुढचा गिअर टाकता टाकता मागे दोन चकत्या छोट्या बाजूला घ्यायच्या, 21 वरून 17 वर. मग गुणोत्तर 2.0 राहतं, पायाला धक्का बसत नाही, आणि पुढे घाट उभा होत जाईल तसं मागे एकेक मोठी चकती घेता येते. दोन्ही हातांचं हे एकत्र काम तिला त्याच सकाळी जमलं. चेन आत पडलीच तर खाली उतरायच्या आधी पेडल हळू फिरवत पुढची लिव्हर मोठ्या रिंगकडे दाबून बघायची. बरेचदा चेन आपणहून वर येते. तिला मी चेन कॅचरही लावून दिला, सीट ट्यूबजवळ बसणारा छोटासा हात, चेनला आत पडू न देणारा. कार्बन फ्रेमला तो असावाच. चेननं ओरबाडलेला कार्बन पुन्हा पूर्वीसारखा होत नाही.

या सगळ्या खटाटोपापेक्षा पुढे एकच रिंग का नको, असं मला तरुण पोरं विचारतात. प्रश्न रास्त आहे. गिअर बदलायचा खटाटोप तर पूर्वीपासूनचाच. 'टूर द फ्रान्स'मध्ये 1937 पर्यंत डिरेलर वापरूच देत नसत. गिअर बदलायचा तर शर्यतीत खाली उतरून मागचं चाक काढायचं आणि उलटं फिरवून बसवायचं. नंतर पुढच्या डिरेलरला सीट ट्यूबवर एक दांडी असायची, दोन पायांच्या मध्ये हात घालून ती ओढावी लागे. पुढे लिव्हर डाउन ट्यूबवर आल्या, 1990 मध्ये शिमानोनं त्या ड्युरा-एस मालिकेच्या ब्रेक लिव्हरमध्येच घातल्या, 2009 मध्ये तारेऐवजी मोटर आली. मोटरवाला पुढचा डिरेलर मी लावला आहे, तो खरंच सुरेख चालतो. पण उंची आणि कोन त्यालाही तेवढाच अचूक लागतो.

तरीही मला वाटतं, सह्याद्रीत राहणाऱ्यानं दोन रिंगा सोडू नयेत. आकडेच बघा. पुढे 50 आणि 34, मागे 11 ते 32: सगळ्यांत हलका गिअर 1.06, सगळ्यांत जड 4.55. पुढे एकच 40 ची रिंग आणि मागे 11 ते 42 घेतली तर हलका 0.95 मिळतो, चांगलाच, पण जड 3.64 वर थांबतो. आणि त्यासाठी मागच्या चकत्यांत मोठ्या उड्या येतात: 11, 13, 15, 17. दोन रिंगांच्या कॅसेटमध्ये 11, 12, 13, 14 असे एकेका दात्याचे टप्पे असतात. सोलापूर रस्त्यावर समोरून वारा असताना तासन्‌तास एकाच लयीत पाय फिरवायचा असतो, तेव्हा त्या एका दात्याचं मोल कळतं. आणि त्याच दिवशी परतीला दिवे घाट किंवा बोपदेव लागतो. इथली जमीन अशी सपाट आणि उभी शेजारी शेजारी आहे. त्यासाठी पुढे दोन रिंगा असाव्यात आणि त्यातून येणारी देखभाल आनंदानं करावी.

देखभाल फार नाही. पावसातून आलं की केज आणि तिचे सांधे जुन्या सुती कापडानं पुसायचे, प्रत्येक सांध्यावर पातळ तेलाचा एक थेंब, डिरेलर हातानं चार वेळा आतबाहेर करायचा आणि वर आलेलं तेल पुसून टाकायचं. घट्ट ग्रीस नको, त्याच्यावर धूळ बसते. गाडी धुण्याच्या केंद्रावर प्रेशरच्या पाण्यानं सायकल धुऊ नये. ते पाणी सांध्यांत आणि बीबीत शिरतं. बीबीखालची पट्टी महिन्यातून एकदा पाण्यानं धुवावी. गिअरच्या तारा वर्षातून एकदा, पावसाळा संपला की बदलाव्यात. शिफ्टरच्या आत तारेचं डोकं बसतं तिथे ती तीव्र वळणातून जाते आणि तिचा एकेक तंतू तुटायला लागतो. लिव्हर विनाकारण जड वाटू लागली की समजावं.

आणि पुढची तार रस्त्यात तुटलीच तर घाबरायचं कारण नाही. स्प्रिंग केजला आत ओढते, चेन छोट्या रिंगवर येते आणि तिथेच राहते. तुटलेलं टोक गुंडाळून चाकात जाणार नाही असं फ्रेमला बांधावं आणि निघावं. 34 च्या रिंगवर, मागे 11 घेऊन मिनिटाला 80 फेऱ्या मारल्या तर सायकल ताशी 31 किलोमीटरनं चालते. एवढ्या वेगानं कुठूनही घरी येता येतं, आणि तार सकाळी चांगल्या उजेडात, सायकल स्टँडवर चढवून, उंचीपासून सुरुवात करून बदलता येते.